सीसा नहीं मिला

माझ्या बायकोचे गुडघे असे कडकडायचे की ती उठली की आमच्या जबलपुरात रिछाईच्या कारखान्यातले लोक पाळी सुटली समजून डबे बांधायचे. मग शहपुऱ्याच्या वैद्यजींचं चूर्ण सुरू झालं. इतकं कडू, की आमच्या भिंतीवर कावळे बसेनात. पण गुडघे शांत झाले, आणि चूर्ण वर्षानुवर्षं चालू राहिलं.

सूनबाई औषधशास्त्र शिकवते. नागपूरहून लग्न होऊन आली आणि पहिला प्रश्न तोच, "आई, हे काहून घेऊन राहिल्या? कधी तपासलं?"

"अगं, जडीबुटी आहे. त्यात काय तपासायचं?"

"जडीबुटी म्हणूनच. चार दिवस घेतलं तर गोष्ट वेगळी. रोज घेतलं अन् त्यात पारा-बिरा असला, तर अंगात साचत जातो."

तिनं सासूचं रक्त तपासून घेतलं. मूत्रपिंड, यकृत, दोन्ही ठीक. तरी चूर्णाचा निकाल येईपर्यंत ते बंद. नमुना प्रयोगशाळेत पोचवायचं काम माझं. मी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून दिला. बायको त्या दिवसापासून गप्प, आणि रोज सकाळी अर्धा-अर्धा तास आरशापुढं. आमच्या महाराजपुरात इतकी शांतता कर्फ्यूतही नसेल.

एका दुपारी फोन आला. प्रयोगशाळेतल्या मॅडम.

"दादाजी, आपके चूरन में पारा नहीं है. सीसा भी नहीं मिला."

आता जबलपुरात 'श'चा 'स' होतो, आणि काचेची बरणी म्हणजे शीशा, आमचा सीसा. मी तापलो.

"ऐसे कैसे नहीं मिला? मैंने खुद दिया था."

मॅडम हळूच, "आपने खुद मिलाया था?"

"मिलाएंगे काहे को? चूरन उसी में भरा था. अचार वाला."

"अचार में भी है?"

सूनबाईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला, ऐकलं, आणि भिंतीला टेकून हसत सुटली.

"बाबा, सीसा म्हणजे शिसं. धातू. विषारी. ते नाही निघालं. आई, साफ आहे हो चूर्ण."

बायको खुर्चीत बसली.

"पण हे ह्याच खेपेचं," सूनबाई म्हणाली. "नवी पुडी आली की पुन्हा तपासायची. अन् रक्त सहा महिन्यांनी."

"तपास बाई, दर वेळी तपास. रोज सकाळी उठून पाहात होते, तोंड सुजलं का, पाय सुजले का."

म्हणजे आरशापुढचा तो अर्धा-अर्धा तास! "मला वाटलं, म्हातारपणी नट्टापट्टा सुरू झाला," मी म्हणालो.

"तुम्ही राहू द्या. तुम्हाला सीसा कळत नाही."

ती चहा ठेवायला उठली. चूर्ण बंद, त्यामुळे गुडघे वाजले ते अख्ख्या कॉलनीनं ऐकले असतील, पण आरशासमोरून ती तशीच पुढं गेली.