फोनवर जेवणारा कुत्रा

आयुष्यात पहिल्यांदा चिकनच्या दुकानापुढे उभा राहिलो तो एका कुत्र्यासाठी. वारज्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ते दुकान आहे आणि इतकी वर्षं मी तिथून जाताना पलीकडच्या बाजूने जात असे. दुकानदाराने विचारलं, "काका, किती माणसांसाठी?" म्हटलं, "माणूस कोणी नाही. कुत्रा आहे." घरी येऊन नाकाला पंचा बांधला आणि ते शिजवलं. कुत्र्याने वास घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गॅलरीत जाऊन बसला.

कुत्रा माझ्या मुलीचा. ती आयटीत. घरून काम करायची तेव्हा हायवेच्या पुलाखालून तिने हे पिल्लू उचलून आणलं. पिवळट, देशी, एक कान कायमचा पडलेला. पुढे कंपनीने तिला नेदरलँडला पाठवलं. "बाबा, मी तिकडे नीट सेटल झाले की याला घेऊन जाते," असं म्हणून गेली. तिची आई त्याच्या आदल्याच वर्षी वारली होती. घरात राहिलो मी आणि हा.

त्याच्या जेवणाचे नखरे काय सांगावेत! पाकिटातल्या गोळ्या तो तोंडात घ्यायचा आणि तांदळातले खडे काढावेत तशा एकेक बाहेर काढून ठेवायचा. दूधपोळी केली तर दूध प्यायचा, पोळी तशीच. दहीभाताकडे तर ढुंकून पाहिलं नाही. उकडलेलं अंडं सोफ्याखाली नेऊन ठेवलं, ते मला वासावरून सापडलं. बरगड्या दिसायला लागल्या तसा मी घाबरलो. मुलीला कळवलं, तर म्हणाली, "व्हिडिओ कॉल लाव आणि फोन त्याच्यासमोर धर."

धरला. तिने तिकडून "शहाणं बाळ कोण आहे? चल, खा पाहू," असं सुरू केलं आणि महाराजांनी थाळी चाटूनपुसून साफ केली. मला रागच आला. दिवसभर वाटी घेऊन मागेमागे फिरलो मी, आणि हा परदेशातल्या आवाजावर जेवतो!

मी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत नोकरी केली. लोक विचारायचे, मी सांगायचो. "चार नंबर." "सुटली." "पाटी वाचा." यापेक्षा जास्त बोलायची जिभेला सवयच लागली नाही. मुलीचा फोन आला तरी "बरी आहेस ना? थांब, आईला देतो," एवढंच माझं काम असे. ही गेल्यावर फोन द्यायला कोणी उरलं नाही. मग पाणी येतं का, थंडी आहे का, एवढं बोलून आम्ही दोघंही गप्प व्हायचो, आणि कोण आधी ठेवतं याची वाट पाहायचो.

कुत्र्यामुळे ती अडचण गेली. तिची जेवणाची सुट्टी म्हणजे आपली संध्याकाळ. रोज त्या वेळी तिचा फोन येऊ लागला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून जमिनीवर ठेवायचा, समोर कुत्रा, बाजूला मी. ती तिकडे सँडविच खायची आणि त्याला चुचकारता चुचकारता मला काहीबाही सांगायची. घरमालकीण कशी खवट आहे, सायकलवरून कशी पडली. आधी मी मेसच्या डब्यातले चार घास ओट्यापाशी उभ्यानेच खाऊन मोकळा व्हायचो. आता ताट वाढून घेऊन खाली बसू लागलो. संध्याकाळी पाचला कोणी जेवतं का? पण मी जेवायला लागलो, आणि जेवण जायलाही लागलं.

एक दिवस तिची मीटिंग लांबली. फोन आला नाही. मी वाट पाहत बसलो, आणि हा पठ्ठ्या आपला आपण उठून वाटीकडे गेला आणि सगळं संपवून मोकळा झाला. वाटी चाटत चाटत फ्रिजपर्यंत ढकलत नेली. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, "खाल्लं का त्याने?"

खिडकीत बसून मी कधी कोणाला चुकीची गाडी सांगितली नाही. त्या दिवशी मुलीला लिहिलं, "नाही." तिचा लगेच फोन आला.

पुढे ते रोजचंच झालं. दुपारी मी त्याला गुपचूप खाऊ घालायचो. तो तेव्हा अगदी शहाण्यासारखा जेवायचा. संध्याकाळी पोट भरलेलं, त्यामुळे फोनसमोर खरंच तोंड फिरवायचा आणि तिची मनधरणी लांबायची. ती मनधरणी मी शेजारी बसून ऐकायचो. मला ती हवी होती, यात लपवण्यासारखं काही नाही.

"बाबा, हा जाड झालाय का?" तिने एकदा विचारलं.

"कॅमेऱ्यात तसं दिसतं."

मग एकदा तिच्या मागे जिन्याचा कठडा दिसला. म्हटलं, "कुठे बसलीयेस?" म्हणाली, "ऑफिसच्या जिन्यात. सगळे खाली कँटीनमध्ये जेवतायत, तिथे आवाज फार असतो ना. इथे त्याला नीट ऐकू जातं." रात्रभर ती जिन्यात एकटी बसून सँडविच खाताना दिसत राहिली.

तिनेच तोडगा काढला. परवा तिचा मेसेज आला, "बाबा, माझा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. रोज हाच लाव. आता फोनची वाट बघायला नको." संध्याकाळी फोन तांब्याला टेकवला आणि लावला. शहाणं बाळ, खा पाहू, सगळं होतं त्यात. मधे त्याला खायला वेळ मिळावा म्हणून ती थांबलीही होती. आणि शेवटी, सवयीने असेल, "चल बाबा, ठेवते हं."

दुपारी पोटभर जेवलेला कुत्रा पुन्हा सगळं जेवला. माझं ताट वाढलेलं तसंच होतं.

तिने विचारलं, "खाल्लं?"

'नाही' असं लिहिलं की उद्या ती पुन्हा जिन्यात येऊन बसणार, हे मला ठाऊक होतं. लिहिलं, "खाल्लं. तुझ्या फोनशिवायही खातो तो. बरेच दिवस झाले. तू सगळ्यांबरोबर जेवत जा." तिकडून अंगठा आला. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा पाठवून दिली. "एकट्याला जेवण मलाच जात नाही."

पाठवलं, आणि फोन उलटा करून ठेवला.