कंबर नसलेली गाडी

गोदामामागच्या मैदानात त्या बावीस वर्षं लोकांना मोटरसायकल शिकवत होत्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्यांचे धडे दोनच. गाडी कमरेने वळते, हात नुसते सोबतीला. आणि गाडी थांबतेय असं वाटलं की पाय खाली. दुसरा धडा विसरणाऱ्याची त्या अशी खरडपट्टी काढायच्या, की माणूस झोपेतसुद्धा पाय खाली टाकायचा.

मग मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा डावा पाय घोट्याखाली बधिर झाला. पाय असायचा जागेवर, पण टाचणी टोचली तरी पत्ता लागायचा नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढे तीन चाकं, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसायचं. मागे बसण्यापेक्षा त्या घरी बसल्या असत्या.

त्यांनी आपलीच मोटरसायकल फिटरकडे टाकली. त्याने मागचं एक चाक काढून दोन बसवली, गिअर हाताशी आणला, पण किल्ली काही ताब्यात दिली नाही; सरावापुरती लावायचा आणि काढून घ्यायचा. मैदानातल्या दोन खांबांभोवती आठचा आकडा काढायचा, पाय एकदाही खाली न टेकता; मगच गाडी रस्त्यावर, असं त्याने बजावलं. मागचं चाक आता पायाच्या अगदी मागे होतं; चालत्या गाडीवरून पाय टेकला, की तो चाकाखालीच.

शिकवायला आली भावजय. कधीकाळी याच मैदानातली सगळ्यात ढ विद्यार्थिनी. तिला रडवल्याचं मास्तरीणबाईंना चांगलं आठवत होतं. भावजयीलाही.

पहिल्या दिवशी मास्तरीणबाई सवयीने डावीकडे कलल्या आणि गाडी निघाली सरळ गोदामाच्या भिंतीकडे.

"ताई, हिला आता कंबर नाही," भावजय म्हणाली. "हातांनी वळवा. हातगाडी ढकलताय असं समजा."

"समजायचं काय त्यात? हातगाडीच झालीय."

तीन दिवस हेच. डोकं म्हणायचं हात, अंग म्हणायचं कंबर. दंड भरून आले. थांबताना पाय सुटायचाच. भावजय ओरडायची, "पाय!" आणि मग स्वतःच ओशाळायची. हा शब्द ती ज्यांच्याकडून शिकली, त्यांच्याच अंगावर तो टाकत होती, तोही उलटा करून.

चौथ्या दिवशी मात्र जमलं. पहिला खांब हातांनी वळला, दुसराही. हँडल दाबत, दात-ओठ खात त्यांनी अख्खा आठ पुरा केला आणि फिटरच्या समोर आणून गाडी थांबवली. थोडी अडखळून थांबली, पण थांबली. कपाळावर घाम होता, तोंडावर हसू मावत नव्हतं.

"ही किल्ली माझी. आता घरी मी एकटी जाणार," त्या म्हणाल्या.

फिटर खाली बघत होता. भावजयीने तोंडावर हात दाबला होता.

"बाई, गाडी जराही हलवू नका," फिटर हळूच म्हणाला. "डावं चाक पायावर आहे."

"कुणाच्या?" त्यांनी विचारलं, आणि कोण सापडलं ते बघायला वाकल्या.