मीठ बघायचं काम

इकडे आखातात, अझैबातल्या आमच्या लेकीच्या शाळेत कँटीन चालवणारे काका मुलांच्या चेहऱ्याकडे फारसं बघत नाहीत, डब्याकडे बघतात. शाळा सुटताना मी तिला न्यायला जाते, तेव्हा खिडकीत खांद्यावरच्या पंच्याने कपाळ पुसत त्यांचं "यल्ला, यल्ला, चला पटापट" चालूच असतं. मूळचे गुहागरकडचे. बोलणं असं करवादलेलं, की माणूस प्रेमळ आहे अशी शंकाही येऊ नये.

नवऱ्याची नोकरी गेली त्या दिवसांत लेकीच्या डब्यात अर्धी पोळी आणि चटणी जायची. फीमाफी असलेल्या मुलांना शाळा फुकट जेवण देते. आमची फी आधीच भरलेली, म्हणून आम्ही गरिबांत बसत नव्हतो.

एक दिवस लेक फुशारत घरी आली. "आई, काकांनी मला टेस्टर केलंय! मीठ बरोबर आहे का ते सांगायचं. पण फुल प्लेट खाऊनच!"

मी म्हटलं, काहीतरी खूळ.

पुढे नवऱ्याला सहम गावात काम मिळालं, डबा पुन्हा भरला, आणि लेक रडवेली होऊन आली. "आई, काकांनी मला टेस्टरमधून काढलं. माझं काय चुकलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी थालीपीठं घेऊन खिडकीशी गेले. आभार मानायला तोंड उघडणार, तोच काकांनी एक तुकडा तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे, वहिनी," ते करवादले, आणि खात्री करायला अख्खं थालीपीठ संपवलं.