काका निघाले का?

गल्लीतल्या शिंपीकाकांइतका घाबरट माणूस शोधून सापडला नसता. गॅस बंद केलाय ना, हे बघायला ते झोपेतून उठायचे. गिऱ्हाइकाचं पोट उद्या सुटलं तर पंचाईत नको, म्हणून प्रत्येक पँटच्या शिवणीत चांगली दोन बोटं माया सोडायचे. त्या मायेवर गल्लीतली निम्मी पोटं सुखाने वाढली होती, पण हे कबूल कोण करणार?

मागच्या साली नदी चढणार अशी आवई उठली, तेव्हा काका शिलाई मशीन हातगाडीवर टाकून, नुसत्या बनियनवर, सगळ्यांच्या आधी टेकडीवरच्या शाळेत पोचले. नदीने गल्लीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. परत आले तेव्हा बेकरीवाल्याने भर रस्त्यात त्यांना ‘पळपुटे काका’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. काका वरवर हसायचे, पण त्यांना ते फार लागलं होतं.

म्हणून यंदा नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब शाळेत जावं, असं भोंग्यावरून ओरडत गाडी गेली, तेव्हा काकांनी मशीनवर उलट जोरात पाय मारायला सुरुवात केली.

“ऐकू आलं का?” काकूंनी विचारलं. त्यांची पिशवी केव्हाच भरून झाली होती.

“आलं. बहिरा नाहीये मी.”

“मग उठा की.”

“सगळी गल्ली गेली की मी निघणार. अगदी शेवटी. पुन्हा माझं हसं व्हायला नको.”

“आणि तोवर पाणी आलं तर?”

“मागच्या वेळी आलं होतं?” काका म्हणाले खरे, पण शिवण केव्हाच वाकडी गेली होती.

काकूंनी कपाळावर हात मारला आणि त्या बाहेर पडल्या. गल्लीत एकही माणूस हललेला नव्हता. खालच्या टोकाला गटारातून पाणी उलटं वर यायला लागलं होतं, तरी बेकरीवाला पावाचे ट्रे रचत होता. गुडघ्यांनी अधू झालेली त्याची आई दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसली होती.

“अरे, निघायचं नाही का तुम्हाला?”

“निघू की काकू,” बेकरीवाला म्हणाला. “पण काका घरातच आहेत ना? मशीनचा आवाज येतोय. खरंच धोका असता तर ते एव्हाना शाळेत बाक धरून बसले असते!”

समोरच्या गॅलरीतल्या मंडळींनीही माना डोलावल्या.

काकू तशाच धावत घरी आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. मशीन थांबलं. आपण कुठे पळालो नाही म्हणून अख्खी गल्ली बिनघोर बसलीय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग त्या म्हातारीचे गुडघे आठवून ते ताडकन उठले.

“पिशवी दे इकडे.”

“आणि मशीन?”

“राहू दे ते.”

“बरं, मग दारोदार सांगत सांगत जाऊ या.”

“माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? मला पळायलाच हवं.”

आणि काका पळाले. गळ्यात टेप, एकाच पायात चप्पल, “पळा रे, पळा!” असं बोंबलत ते भर गल्लीतून पळाले. गॅलऱ्या खो खो हसल्या. हसता हसताच माणसं आत गेली, पिशव्या घेऊन बाहेर आली, आणि दारांना भराभर कुलपं लागली. काका कोपऱ्यावरून मागे फिरले आणि बेकरीवाल्याच्या जोडीने म्हातारीला खुर्चीसकट उचलून टेकडी चढले.

संध्याकाळी शाळेच्या खिडकीतून सगळे बघत होते. पाणी बेकरीच्या पाटीपर्यंत चढलं होतं. बेकरीवाला काकांच्या शेजारी येऊन बसला. म्हातारीने मात्र काकांना जवळ बोलावलं.

“पुढच्या वेळी जरा लवकर पळ रे बाबा,” ती म्हणाली. “आम्ही सगळे तुझ्याकडेच बघत असतो.”