सर्पगंधेची बाटली

चूक माझीच होती. काढ्याचा कडवट वास आला की ती चूक समोर उभी राहते. पंच्याऐंशी साली पहिलं बाळ गेल्यावर वहिनी सारखी रडायची. वैद्यांनी पांढुर्ण्याहून ब्राह्मीचा अर्क आणायला सांगितला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार असते, दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात; त्या दिवशी बाजार बंद असतो हे माहीत असूनही मी ती दगडफेक पाहायला त्याच दिवशी गेलो, आणि परतताना वाटेत सौसरला ब्राह्मीऐवजी सर्पगंधेचा अर्क घेतला. दोन्ही डोकं शांत करतात, एवढंच ऐकून होतो. वहिनी शांत झाली. "सुधरून राहिली," आई म्हणाली. वहिनी चुलीपुढे बसून म्हणाली, "भाऊजी, आता तर रडूही येऊन नाही राहिलं." महिन्यानं वैद्यांनी बाटली पाहिली. "यानं मन अजून खचते," ते म्हणाले. दुकानदारानं चुकीची बाटली दिली, असं सांगून मी दोष त्याच्यावर ढकलला. वीस वर्षांनी वहिनीपुढे बसलो. "वहिनी, दुकानदार नव्हता चुकला. मले गोटमार पाहाची होती. माफ करा."