कानबाईखालची पेनी

माझं अक्षर बेकार आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, चौथीनंतर शाळाच सुटली. त्याबद्दल माफी असावी. तरी लिहून ठेवते, कारण आमच्या शेजारच्या आबांएवढा नाण्यांवर संशय घेणारा माणूस अख्ख्या अमळनेरात नाही. गळ्यात काळ्या दोऱ्याला लोहचुंबक. कुणी सुटे दिले की आधी चुंबकाला लावणार, आणि चिकटले की तोंड कडू करणार. लेकीकडे धुळ्याला जाताना पार पारोळ्यापर्यंत कंडक्टरशी वाद. तो म्हणाला, "आबा, लोखंडाचा रुपया चालतो ना?" आबा म्हणाले, "चालस रे, पण लाज वाटस."

त्यांच्याकडे विलायतेची एक जुनी पेनी आहे, पेढ्याएवढी. त्यांच्या बायकोने, गेलेल्या जिजीने, बाजारात भंगारवाल्या चाचाकडून घासाघीस करून त्यांच्यासाठी आणलेली. चहाला बोलावलं की आबा पेनीपासून सुरू होतात. आधी ती चांदीची, नखासारखी पातळ. अर्धी हवी तर लोक सरळ कापून घेत. पुढे तांब्याची झाली, खिसा ओढणारी. मग तांब्यात थोडं कथील, थोडं जस्त मिसळलं, ती ही. आणि आताची आतून पोलाद, वरून नुसता तांब्याचा मुलामा. हे सांगताना त्यांचा आवाज घरात कुणी गेल्यासारखा होतो.

यंदा श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली, म्हणजे कलशावर नारळाची देवी मांडली. सासूबाई कलशात रुपया टाकणार तोच आबांनी चुंबक लावलं. "देवीखाल लोखंड ठेवतस का?"

"मंग तुम्हीच तांबं द्या."

आबा अडकले. सगळे बघत होते. त्यांनी पेनी काढली. तिच्यावर त्रिशूळ घेऊन बसलेली बाई पाहून सासूबाई म्हणाल्या, "हाई बी देवीच शे," आणि पेनी पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत कानबाई बोरी नदीवर पोचवायला निघाली. कलश माझ्या हातात होता. कलशातलं परत घ्यायचं नसतं, सगळं पाण्यासकट नदीत ओतायचं. हे आबांना वाटेत कळलं. ते माझ्या शेजारून चालत राहिले, मूठ चुंबकावर. चिकटत नाही हाच त्या पेनीचा मान, आणि म्हणूनच गाळात गेली तर चुंबकाने शोधताही येणार नव्हती.

"ओत ना वं," सासूबाई म्हणाल्या.

चार बायकांत मी कधी तोंड उघडत नाही. पण माझे हात वळेनात, आणि मी सासूबाईंना म्हणाले,

"आत्याबाई, उसनं शे ते. देवीले उसनं देतस का?"

डफ वाजायचा थांबला. सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडून कालचाच रुपया काढला, कलशात टाकला आणि आतली पेनी काढून माझ्या हातावर ठेवली. लोखंडाचा रुपया नदीत गेला, या वेळी आबांचं चुंबक पुढे आलं नाही.

मी पेनी त्यांना दिली. त्यांनी ती धोतराला पुसली, सवयीने चुंबक लावलं. चिकटली नाही.

"हाई जिजीनी शे," ते हळूच म्हणाले. मग मूठ मिटून, "उसनं फिटनं बठ्ठं."