आपांनी वेगळी केलेली माणसं

रेहाना आपा आज सकाळी गेल्या.

वीस वर्षं मी त्यांच्यावर जळले. आज खोटं लिहिणार नाही.

भूकंपात अनाथ झालेल्या पोरींसाठी लातूरला सुरू झालेलं आमचं हॉस्टेल. आपा तिथं पहिल्यापासून वॉर्डन. शिक्षण सातवी, त्याआधी उदगीरला शिलाईकाम. मी बऱ्याच नंतर आले. नांदेडची, एमएसडब्ल्यू, कॉम्प्युटर येणारी.

तोवर त्या पोरी मोठ्या होऊन गेल्या होत्या. खोल्यांत कोचिंगला आलेल्या खेड्यातल्या पोरी राहायच्या. भूकंप लोक विसरले होते, मदत आटली होती. हॉस्टेल बंद करायची भाषा सुरू झाली.

मी सगळ्या डोनर्सना एक छान पत्र पाठवलं. रंगीत फोटो, प्रगतीचा अहवाल.

उत्तरं जवळजवळ आलीच नाहीत.

आपांनी माझ्याकडून नावांची लिस्ट मागून घेतली. मेसमध्ये खाली बसून कात्रीनं एकेक नाव कापायला लागल्या. मी विचारलं, हे काय चाललंय?

"माणसं येगळी करून राहिले. सगळ्यायला एकच ताट वाढलं तर कसं व्हईल? कुणाला शुगर हाय, कुणाचा उपास हाय."

भूकंपात स्वतः दगड उचलायला आलेले एका गठ्ठ्यात. पोरींची खुशाली हवी असणारे दुसऱ्यात. धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी, ज्यांना आपलं नाव कुठं छापलेलं चालत नसे, ते आणि त्यांच्यासारखे तिसऱ्यात.

बिलोलीच्या एका रिटायर्ड सरांचं नाव मी लिस्टमधून काढलेलं होतं. मदत थांबली म्हणून. आपांनी त्यांना फोन केला, पण मदत मागितलीच नाही. पोरींना गणित जड जातंय, एवढंच सांगितलं.

सर दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस येऊन राहिले. मग दर वर्षी.

जाताना आपांना हात जोडायचे. मला एकदा म्हणाले, "तुम्ही नवीन का इथं?"

मला सहा वर्षं झाली होती.

ज्याला जसं पत्र हवं तसं जायला लागलं, मदत परत सुरू झाली, हॉस्टेल टिकलं. मीटिंगमध्ये टाळ्या आपांना. डिग्री माझी, आणि माझ्याच विषयात जिंकल्या त्या.

चौथा गठ्ठा अगदी लहान होता. ज्यांची स्वतःची लेक भूकंपात गेली, ती घरं. त्यांना फोटो पाठवायचा नाही, भूकंपाच्या महिन्यात तर काहीच नाही. फक्त दिवाळीला हातानं लिहिलेलं पत्र.

एका वर्षी त्याच महिन्यात मी कॉम्प्युटरवर छापून सगळ्यांना सरसकट पत्र पाठवलं. युनिफॉर्ममधल्या पोरींच्या फोटोसकट.

विसरले, असं मी सगळ्यांना सांगितलं. विसरले नव्हते. गठ्ठे समोर होते. ते मी बाजूला सारले.

पंधरा दिवसांनी निलंग्याहून एक बाई एसटीनं आल्या. हातात तो फोटो.

चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "यातली एक माझ्या मंगलसारखी दिसती. आठ दिवस झाले, हेच बघून राहिले. हे मला का पाठवलं?"

मी ऑफिसच्या दारात उभी. 

आपा म्हणाल्या, "माझी चूक झाली ताई. माझ्या हातून गेलं ते."

मग त्यांना पायरीवर बसवलं, शेजारी बसल्या, जेवू घातलं. बाईंनी आपांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मला लाज वाटायला पाहिजे होती. त्याही वेळी हेवाच वाटला.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात शेवटी सांगितलं. आपा, ते मी मुद्दाम केलं होतं.

"माहीत हाय. महिनाभर नजर चुकवून राहिलीस."

मग तेव्हा बोलल्या का नाहीत?

"तुला काढून टाकलं असतं बेटा. आन् मला कुठं कॉम्प्युटर येतो?"

हसल्या. हसताना खोकला आला. मी पाणी दिलं.

आज निलंग्याच्या बाईंना मीच फोन केला. त्यांनी आधी दफन कधी आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, "मातीला येते मी. मी येईपर्यंत थांबा म्हणावं."

थांबलोय.

दुपारी कब्रस्तानात भेटू. ज्यांना आपांनी कधी हातानं पत्र लिहिलं, त्या सगळ्यांनी या.

आपा, माफ केलंत का, ते विचारायचं राहिलं. सुनंदाचा सलाम घ्या.